'ट्रॉमा', 'क्रायसिस' आणि 'समुपदेशन' : मंडळीतल्या प्रशिक्षणासाठी नेमके शब्द कुठले?

एका कामात अडकलेय आणि गाडी शब्दांपाशीच अडतेय, म्हणून इथे विचारतेय. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, पाळक, वडीलजन, स्त्रीमंडळातल्या कार्यकर्त्या, तरुणांमध्ये काम करणारी मुलंमुली यांना प्रशिक्षण द्यायचंय. कुणाच्या घरात अचानक मृत्यू झाला, आत्महत्या झाली, कुणावर अत्याचार झाला, आग लागली, तर पहिल्या काही तासांत आणि दिवसांत त्या माणसाजवळ कसं बसायचं, काय बोलायचं, काय अजिबात बोलायचं नाही, आणि कधी डॉक्टरकडे किंवा पोलिसांकडे न्यायचं, असा विषय आहे. टिपणं मराठीत करतेय आणि तीन शब्दांवर घोडं अडलंय.

पहिला ट्रॉमा. 'मानसिक आघात' हा पुस्तकी शब्द ठीक आहे, पण आघात म्हणजे बसलेला फटका, आणि ट्रॉमा म्हणजे फटका बसून गेल्यावर आत जे राहतं ते. मूळ ग्रीक शब्द 'ट्राउमा', अर्थ साधा, जखम. बायबलच्या नव्या करारात हे नाम एकदाच येतं आणि तेही कुठे, तर लूक १०:३४ मध्ये, येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, तो परका शोमरोनी लुटून वाटेवर टाकलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधतो तिथे. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला, कारण आपल्या लोकांना हा दाखला पाठ असतो, 'ट्रॉमा म्हणजे काय' हे शिकवायला परकं उदाहरण शोधायलाच नको.

दुसरा क्रायसिस. 'संकट' म्हणावं तर पूर, दुष्काळ, आजारपण सगळंच संकट. या कामातला क्रायसिस प्रसंगाच्या आकारावर ठरत नाही, माणसाचे नेहमीचे उपाय चालेनासे झाले की तो क्रायसिस, मग बाहेरून प्रसंग लहान का दिसेना. आणि 'इंटरव्हेन्शन'ला सगळे 'हस्तक्षेप' लिहितात, पण हस्तक्षेप ऐकलं की मला तरी ढवळाढवळच आठवते.

तिसरा शब्द समुपदेशन, आणि माझं खरं दुखणं तिथे आहे. त्यात 'उपदेश' बसलाय. आपल्या मंडळ्यांत उपदेश म्हणजे रविवारी वेदीवरून होतो तो. मग 'तुम्हाला समुपदेशक व्हायचंय' असं सांगितलं की माणूस पवित्र शास्त्र काखेत मारून निघतो आणि नुकतंच मूल गेलेल्या आईला रोम ८:२८, म्हणजे 'देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात' हे वचन, ऐकवून येतो. त्याचा हेतू वाईट नसतो हो, त्याला नावच तसं दिलंय आपण.

प्रतिसाद :
मी हॉस्पिटलात नर्स आहे. आमच्याकडे ट्रॉमा म्हणजे अपघाताचा पेशंट, हाडं मोडलेला, डोकं फुटलेला. त्यामुळे नुसतं 'ट्रॉमा केअर' लिहिलंत तर अर्धे लोक मलमपट्टीचं शिबिर समजून येतील. मनाची जखम असं सरळ लिहा की. आणि एक शब्द सुचवते, खपली. नातेवाईक येतात आणि प्रत्येक जण पेशंटला 'नेमकं काय झालं, पहिल्यापासून सांग' म्हणतो, आणि प्रत्येक वेळी खपली निघते. हे शिकवा आधी.

मूळ लेखिका :
ताई, खपली हा शब्द घेतलाच! यात नुसती भावना नाहीये, याला कामाचा आधार आहे. १९८० च्या दशकात 'डीब्रीफिंग'ची पद्धत आली, घटना घडल्यावर थोड्याच दिवसांत सगळ्यांना बसवून काय पाहिलं, काय वाटलं ते क्रमाने बोलायला लावायचं. पुढे अभ्यास झाले तेव्हा दिसलं की अशा एका बैठकीने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना आता ते करू नका म्हणते. त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार. त्याची २०११ ची मार्गदर्शिका संघटनेने दोन संस्थांबरोबर काढली आणि त्यातली एक वर्ल्ड व्हिजन ही ख्रिस्ती संस्था आहे. तिचा गाभा तीन क्रियापदांत आहे, मी मराठीत 'पाहा, ऐका, जोडून द्या' असं केलंय. सांगायला लावू नका, पण सांगू लागला तर ऐका, हा फरक प्रशिक्षणात दहादा सांगावा लागतो.

मंडळीत याचं एक खास रूप आहे, 'साक्ष'. बाई जरा उभी राहायला लागली की लोक म्हणतात, पुढे या, देवाने तुम्हाला कसं बाहेर काढलं त्याची साक्ष द्या. शंभर लोकांसमोर, माईकवर! साक्ष हा आपला मोलाचा शब्द आहे, पण जखम ओली असताना मागितलेली साक्ष म्हणजे खपली काढणंच आहे.

प्रतिसाद :
'संकट' इतक्या सहज सोडू नका. संस्कृतात संकट म्हणजे मुळात अरुंद, चिंचोळं, जिथे हलायला जागा नाही असं. आणि हिब्रूतही दुःखासाठी जो शब्द येतो त्याचा अर्थ अडचणीची, अरुंद जागा असाच आहे. स्तोत्र ११८:५ बघा, अडचणीतून हाक मारली आणि देवाने मोकळ्या जागेत आणलं. क्रायसिसचं मूळ 'क्रिसिस' तर नव्या करारात न्यायनिवाड्यासाठी येतं, ते आपल्या कामाचं नाही. फार तर ग्रीक वैद्यांचा अर्थ घ्या, आजार ज्या वळणावरून एकतर उतरतो नाहीतर बळावतो ते वळण.

मूळ लेखिका :
वा, हे माहीत नव्हतं, आणि हे किती बरोबर बसतं! त्या अवस्थेतल्या माणसाला खरंच दोन-तीनच्या पलीकडे वाटा दिसत नाहीत, कधीकधी एकच दिसते आणि ती जीव द्यायची असते. मग मदत करणाऱ्याचं काम काय, तर थोडी जागा करून देणं. पाणी, झोप, फोन कुणाला करायचा, आज रात्री सोबत कोण. संकट ठेवते. आणि हस्तक्षेपाऐवजी 'धावून जाणं', कारण आपण देवाचा धावा करतो आणि माणूस धावून जातो, एकाच धातूचे दोन शब्द आहेत ते.

प्रतिसाद :
सगळं वाचलं. राग मानू नका पण एक विचारतो. वचन सांगायचं नाही, उपदेश करायचा नाही, साक्ष घ्यायची नाही, मग यात ख्रिस्ती काय राहिलं? हे तर कुणीही करेल.

मूळ लेखिका :
राग कशाचा, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो आणि यायलाच हवा. मी स्वतः शिकत होते तेव्हाचं सांगते. आम्हाला 'व्हर्बेटिम' लिहायला लावायचे, म्हणजे भेटून आल्यावर तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, शब्दाला शब्द कागदावर उतरवायचं, अगदी गप्प बसलो ते सुद्धा. माझ्या पहिल्या कागदावर शिकवणाऱ्या बाईंनी पेन्सिलने चार ठिकाणी रेघ मारली. चारही ठिकाणी समोरची बाई रडायला लागली होती आणि चारही ठिकाणी मी वचन म्हटलं होतं. बाई एवढंच म्हणाल्या, "हे वचन तिच्यासाठी होतं की तुला तिचं रडणं सोसेना म्हणून?" मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर दोघींना माहीत होतं. तो कागद अजून आहे माझ्याकडे.

आता पवित्र शास्त्रातच बघा. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येऊन काय करतो, तर त्याला उठवून खायला-प्यायला देतो, परत झोपू देतो, परत खायला देतो. प्रश्न आणि बोलणं पुढे, होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी. मुलंबाळं, मालमत्ता सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत, तेवढंच त्यांनी नीट केलं, तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं. नीतिसूत्रे २५:२० तर सरळ म्हणतं की खिन्न मनापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीत अंगावरचं वस्त्र काढून घेणं. आणि स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, शेवटी आशेची एकही ओळ नाही, तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. तेव्हा वचन सोडा असं मी म्हणतच नाहीये, त्या माणसाने मागितलं तर जरूर वाचा, त्यातही आधी विलापाचं वाचा. प्रार्थनाही विचारून करा, 'मी प्रार्थना करू का, की नुसती बसू?' आणि 'नको' म्हणाला तर मनाला लावून घेऊ नका.

'कळवळा' हा शब्द घ्या. शोमरोन्याला कळवळा आला असं आपलं भाषांतर आहे, आणि ग्रीक शब्द आतड्यांवरून आलाय. आपण म्हणतोच ना, आतडं पिळवटलं. त्यात उपदेश कुठेच नाही, बघा, तेल आहे, पट्टी आहे, स्वतःच्या जनावरावर बसवणं आहे, उतारशाळेवाल्याला दोन दिनार देऊन 'सांभाळ' म्हणणं आहे. ते शेवटचं तर चक्क रेफरल आहे, पुढच्या मदतीकडे सोपवणं! शोमरोनी स्वतः तिथे बसून राहिला नाही, पुढच्या सांभाळाची सोय करून गेला आणि परत येतो म्हणाला.

प्रतिसाद :
मग समुपदेशनाला पर्याय काय? 'सांत्वन' म्हणता येईल, पण त्याचा आता दुखवट्याची भेट एवढाच अर्थ उरलाय. योहान १४:१६ मधला 'कैवारी' कसा वाटतो? मूळ 'पाराक्लेटॉस', बाजूला बोलावलेला.

मूळ लेखिका :
कैवारी सुंदर आहे पण आपल्या कानाला तो बाजू घेऊन भांडणारा वाटतो, शिवाय तो पवित्र आत्म्यासाठी आहे, माणसाला लावायला मन धजत नाही. मी 'सोबत'वर येऊन थांबलेय. चाड वारा नावाच्या अँग्लिकन पाळकाने १९५३ मध्ये लंडनमध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोनसेवा सुरू केली, तीच पुढे समॅरिटन्स. लोक वारांना भेटायला येऊन ताटकळत बसायचे, म्हणून काही स्वयंसेवक चहा द्यायला आणि गप्पा करायला ठेवले, आणि हळूहळू ध्यानात आलं की बऱ्याच जणांना त्या ऐकून घेण्यानेच हलकं वाटतं, आत जायची गरजच उरत नाही. त्या कामाला त्यांनी 'बीफ्रेंडिंग' म्हटलं. मला त्याला सोबतीपेक्षा जवळचा मराठी शब्द सापडत नाही.

समुपदेशक हा शब्द मग ज्याने त्याचं रीतसर शिक्षण घेतलंय त्याच्यासाठीच ठेवू. आपले कार्यकर्ते सोबती. आणि सोबत्याचं काम 'सावरणं'. पडतापडता सावरतो तोही सावरणं आणि दुसऱ्याला सावरतो तेही सावरणं, दोन्हीकडे चालणारं क्रियापद आहे.

प्रतिसाद :
वर 'जीव द्यायची वाट' लिहिलंत. मंडळीत हा प्रश्न विचारायचा कसा? लोक 'वेडेवाकडे विचार येतात का' असं घुमवून विचारतात.

मूळ लेखिका :
घुमवायचं नाही. 'जीव द्यावासा वाटतो का?' असंच विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी नाव घेतलं म्हणून माणूस बोलता होतो. भाषेने इथे आपली सोयच केलीय, ख्रिस्ताने आपल्यासाठी 'प्राण दिला' म्हणतो आपण आणि आत्महत्येला 'जीव देणं', दोन्हींची गल्लत होत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत पोचवायचं. आणि 'कुणाला सांगू नका' म्हणाला तर तसं वचन द्यायचं नाही, जिवाचा धोका असेल तर सांगावं लागेल हे सुरुवातीलाच सांगून ठेवायचं.

पण धोका नसेल तर मात्र घरातसुद्धा बोलायचं नाही. 'प्रार्थनेचा विषय' म्हणून तर मुळीच नाही. आपल्याकडे सगळ्यात जास्त गोष्टी तिथूनच फुटतात, 'अमक्या बहिणीसाठी प्रार्थना करा, नाव सांगत नाही, पण तिचे पती...' आणि सगळ्यांना कळतं. गुप्तता हा शब्द जड वाटला म्हणून मी टिपणात 'पोटात ठेवणं' लिहिलंय.

'क्षमा' आणि 'समेट' राहिले. मारहाण झालेल्या बाईला क्षमा कर म्हणताना लोकांच्या मनात 'घरी परत जा' असतं, आणि हे दोन शब्द वेगळे करून दाखवल्याशिवाय माझं पाचवं सत्र लिहून होणार नाही. कुणाला त्याबद्दल सुचत असेल तर लिहा, गुरुवारी टिपणं छापायला जातायत.