गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला जंगलात न्यायचंय: सिल्लारी, बोर की नागपुरातच?

धरमपेठकर
आई ६७ वर्षांची. एका गुडघ्याचं रिप्लेसमेंट होऊन चार महिने झालेत. सपाट जमिनीवर अर्धा तास चालायला डॉक्टरांनी हो म्हटलंय, पायऱ्या कठडा धरून जमतात. घरात बसून कंटाळली आहे, झोपही तुटक लागते. वाघ दिसलाच पाहिजे असं काही नाही. झाडं, पाणी आणि शांतता हवी. दिवाळी झाली की लगेच दोन दिवस काढायचा विचार आहे. सफारी झेपेल का? मुक्काम कुठे बरा?

रानवाट
सफारीचा बेत आधी काढून टाका. जिप्सीचं पायदान उंच, आणि एकदा आत गेलं की तीन-चार तास पाय दुमडूनच बसावं लागतं. मध्ये वाटेल तिथे उतरता येत नाही. गुडघा सुजतो तो या बसण्याने आणि गचक्यांनी. वर्धा जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पातही हाच प्रश्न, जंगल लहान असलं तरी गाडी तीच. तरी आईंचा फारच आग्रह असेल तर ड्रायव्हरच्या लगेच मागची सीट धरा. शेवटची सीट मागच्या चाकांवर येते, सगळे दणके तिथेच. आणि फेरी दुपारची घ्या, हिवाळ्यात पहाटे उघड्या गाडीत वारा झोंबतो.

मुक्कामाला सिल्लारी, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या दारातलं गाव. जबलपूर रोडने मनसर, पुढे पवनीवरून डावीकडे. साधारण ७० किलोमीटर, आईंसाठी मध्ये थांबत दोन तास धरा. सिल्लारी सुचवायचं कारण तिथली रात्र. जानेवारी २०२४ मध्ये पेंच हे भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार जपलेली जागा, ठरलं. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले, उजेड खाली जमिनीवरच पडावा म्हणून. अमावस्येच्या दोन-तीन दिवस अलीकडे-पलीकडे जा. पौर्णिमेला चांदण्यात निम्मे तारे दिसत नाहीत. अंधार डोळ्यांत मुरायला वीस मिनिटं लागतात, आणि मध्येच कुणी मोबाइल पेटवला की पुन्हा पहिल्यापासून. अंगणात हातांची खुर्ची टाका, पायांवर शाल द्या. रात्री उजेड कमी आणि सकाळी लवकर ऊन अंगावर, एवढं जमलं तरी तुटक झोपेला मदत होते.

खोली धरताना फोनवर विचारा: तळमजला आहे का, कमोड आहे का, बाथरूममध्ये धरायला दांडा आहे का. "हो हो, सगळं आहे" यावर थांबू नका, फोटो मागवा. कमोड बुटका असेल तर वर बसवायची प्लास्टिकची उंच सीट गाडीत टाका. पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त अडतं ते इथेच.

तांबट
सिल्लारी चांगलंच, पण तिथून परत आल्यावर काय? इंग्लंडमध्ये सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये एक अभ्यास आला होता. आठवड्याला निदान दोन तास निसर्गात घालवणारे लोक तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त सांगत होते; ते दोन तास एका दमात की तुकड्या-तुकड्याने, याने फरक दिसला नाही. निसर्गानेच बरं वाटलं हे त्यातून सिद्ध होत नाही, पण आईंच्या गुडघ्याला तुकडेच सोयीचे. आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं: अंबाझरी बायोडायव्हर्सिटी पार्क किंवा सेमिनरी हिल्स. दहा मिनिटं चाल, वीस मिनिटं बसणं, दहा मिनिटं परत. परतीचं अंतरही त्याच अर्ध्या तासात मोजायचं असतं, हे लोक विसरतात आणि मग आजारी माणूस लांब टोकाला अडकतो.

बसण्याची जागा नीट निवडा: पाठीला टेकू, ऊन मागून, आणि वाट समोर नको, बाजूला. पोहोचताच सातभाई कलकलाट करतात, बाकी पाखरं गप्प होतात. हलू नका. आठ-दहा मिनिटांत तांबटाची टुक-टुक सुरू होते, खारी खाली उतरतात. जवळ ऐनाचं झाड असेल तर आईंना सालीवर हात ठेवू द्या. मगरीच्या पाठीसारखे चौकोनी खवले असतात, उन्हात कोमट लागतात.

पळसफूल
दिवाळीनंतर लगेच नको, हे कळकळीने सांगणं आहे. पावसाळ्यापासून थंडी पडेपर्यंत गवतात स्क्रब टायफस पसरवणारे बारीक किडे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. २०१८ मध्ये नागपूर भागात या तापाची साथ येऊन गेली आहे. डिसेंबरात गवत सुकलं की जा, तरी जमिनीवर चादर टाकून बसू नका, खुर्चीच बरी. पूर्ण बाह्या, मोज्यांत खोचलेली सलवार. साडी असेल तर आत लेगिंग. परत येताच अंघोळ, आणि कपडे थेट गरम पाण्यात.

त्यानंतर तीन आठवड्यांत ताप आला तर काख, जांघ, कमरेच्या नाडीखालची जागा बघा. सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते. ती दुखत-खाजत नाही, म्हणून नजरेतून सुटते. कधी खपली उठतही नाही, म्हणून डॉक्टरांना जंगलात जाऊन आल्याचं आपणहून सांगा. वेळेत कळलं तर डॉक्सिसायक्लिनने आटोक्यात येतो. उशीर झाला तर फुप्फुस आणि किडनीवर जातो.

धरमपेठकर
खूप आभार. डिसेंबर नाहीच जमला तर मार्च चालेल का? आईला थोडा दम्याचा त्रासही आहे.

रानवाट
दमा असेल तर मार्चचा मध्य ते एप्रिल टाळा. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात, तो धूर पहाटे जमिनीलगत साचून राहतो, आणि तुमची फिरायची वेळ नेमकी तीच. फेब्रुवारीतली अमावस्या बघा. पळस फुलायला लागलेला असतो आणि ऊनही सोसतं. इनहेलर बॅगेत नको, आईंच्या हाताशी ठेवा. खोली आठवड्याच्या मधल्या दिवशी धरा, शनिवार-रविवारी शेजारच्या खोल्यांत गाणी लावतात.