‘परित्यक्त खलाशी’ खटकतंय, दुसरं काय लिहावं?

शिवडीकर
नमस्कार मंडळी. जहाजावर काम करणाऱ्यांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय आणि एका शब्दापाशी अडलेय. मालकाचं दिवाळं वाजतं, तो पगार थांबवतो, डिझेल, गोडं पाणी, रेशन पाठवणं बंद करतो, फोन उचलत नाही. माणसं बंदराबाहेर नांगरावरच. जहाज रिकामं सोडता येत नाही म्हणून त्यांना उतरूही देत नाहीत. इंग्रजीत यांना ‘अबॅन्डन्ड सीफेअरर’ म्हणतात आणि त्याची कायद्यात व्याख्या आहे. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार २००६ सालचा, त्यातली ही दुरुस्ती २०१४ची, लागू झाली २०१७ पासून. घरी पाठवायचा खर्च मालकाने केला नाही, किंवा खाण्यापिण्याची सोय केली नाही, किंवा दोन महिने पगार थकवण्यासकट संबंधच तोडले, यातलं एक घडलं तरी पुरे. मग जहाजाच्या विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि परतीचा खर्च मिळू शकतो.

मी ‘परित्यक्त खलाशी’ लिहिलं होतं. मावसभाऊ बोटीवर असतो, त्याला वाचायला दिलं. तो म्हणाला, “ताई, आम्ही काय नवऱ्याने टाकलेल्या बायका आहोत?” मग ‘अडकलेले खलाशी’ केलं, तर संस्थेच्या वकीलबाईंनी त्यावर काट मारली. सुचवा काहीतरी.

भाऊचाधक्का
वाऱ्यावर सोडलेले. दुसरा शब्द शोधूच नका. आमच्याकडे दापोली-गुहागरच्या गावांत घरटी एक माणूस बोटीवर, आणि असं झालं की गावात हेच म्हणतात, “शेठने पोरांना वाऱ्यावर सोडलं.” वाचणाऱ्याला एका दमात कळतं.

शब्दवेधी
कायद्याच्या पत्रकात वाक्प्रचार चालत नाही. उद्या कोणी विचारेल, कुठला वारा? ‘परित्यक्त’ निर्दोष आहे. स्त्रीलिंगी रूप रुळलं आणि पुल्लिंगी रुळलं नाही, हा शब्दाचा दोष नव्हे. वापरत राहा, रुळेल.

परळचीनीला
शब्दवेधी, तो दोष शब्दाचा नसेलही, पण त्या शब्दाला जे चिकटलंय ते पुसता येत नाही. ऐंशीच्या दशकात आम्ही पत्रकं वाटायचो त्यात ‘परित्यक्ता’ छापलेलं असायचं. भाषणात तेच, ठरावात तेच. आणि समोर बसलेली बाई उभी राहून सांगायची, “मी टाकलेली.” एकीने तर मला थांबवून विचारलं होतं की तुमच्या कागदावर माझ्याबद्दल कुठे लिहिलंय ते दाखवा. मी बोट ठेवलं त्या शब्दावर. तिने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, “यात त्याने काय केलं ते कुठंय?”

आता ‘एकल महिला’ म्हणतात. विधवा, घटस्फोटिता, लग्न न केलेली, सगळ्या त्यात येतात, कुणाला खाली मान घालावी लागत नाही. ते मला मान्य आहे. पण टाकणारा नवरा त्या शब्दातून सुखरूप निसटला, हेही मला डाचतं.

गोरेगावचेमास्तर
नीलाताईंनी सांगितलेल्या बाईला व्याकरण आमच्यापेक्षा जास्त कळलं होतं. ‘अडकणे’ अकर्मक. अडकलेला म्हटलं की तो आपोआप अडकला, कुणी अडकवलं हा प्रश्नच येत नाही. ‘टाकणे’, ‘सोडणे’ सकर्मक. टाकलेला म्हटलं की कुणी टाकला हे विचारावंच लागतं, आणि मराठीत ते बरोबर लावताही येतं: नवऱ्याने टाकलेली, मालकाने सोडलेला. वकीलबाईंनी काट का मारली असेल ते यावरून लक्षात यावं. विम्याचे पैसे अडकलेल्याला मिळत नाहीत, कुणीतरी सोडून दिलेल्याला मिळतात.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आपण सगळे अडकलेले होतो. पावसाने अडकवलं, ठीक. पण २०२०च्या लॉकडाउनमध्ये तोच शब्द सरसकट लागला. कंत्राटदाराने पैसे न देता हाकललेला मजूरही ‘अडकलेला’, आणि करार संपूनही जगभर जहाजांवर राहिलेली चार लाखांच्या घरातली माणसंही ‘अडकलेली’. मला तेव्हाही ते वाचून राग यायचा.

पेणकर_दादरला
मास्तर, मग ‘वाळीत टाकणे’ घ्या की! त्यात टाकणारा आहेच. आमच्या रायगडात गावकीने घर वाळीत टाकलं की दळण नाही, पाणी नाही, मयताला खांदा नाही. मालकाने रेशन तोडलं म्हणजे तेच झालं. आणि मूळ बघा, वाळवण उन्हात टाकतो तसं माणसाला टाकायचं. सुकून जाऊ दे.

शब्दवेधी
वाळवणाशी काही संबंध नाही. ‘वाळणे’ असं स्वतंत्र सकर्मक क्रियापद जुन्या मराठीत आहे, अर्थ टाकणे, वर्ज्य करणे. तुकोबांची विराणी आठवा: “वाळो जन मज म्हणोत शिंदळी”. तिथे लोक तिला उन्हात घालत नाहीयेत.

पेणकर_दादरला
मी माझ्या आजीकडून ऐकलंय. आजी म्हणायची, वाळत घातलं घर.

शब्दवेधी
आजीविषयी आदर आहे. तरी वाळवण नाही.

परळचीनीला
वाळीत टाकायला जात लागते, पंचायत लागते. २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा त्यासाठीच करावा लागला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. एका मालकाने पगार बुडवणं ही वेगळी गोष्ट. तो गुन्हा या शब्दात घालून पातळ करू नका.

आणि मास्तर, तुमच्या मुद्द्याला एक जोड. १९२४ साली आमच्या परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा भरली, त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ निघालं. बाबासाहेबांनी नावात ‘अस्पृश्य’ घेतलं नाही. अस्पृश्य म्हटलं की जणू तो त्या माणसाचाच गुण. बहिष्कृत म्हटलं की बाहेर काढणारा समोर आलाच पाहिजे.

गोरेगावचेमास्तर
अगदी. ‘दलित’ही तसाच, दळलेला, म्हणजे दळणारा आहे.

कॅम्पातला
चेंबूर कॅम्पात, म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांच्या वस्तीत वाढलो म्हणून लिहितो. ‘निर्वासित’ हा शब्द शाळेत आमच्या शेजारच्या सिंधी मुलांना चिकटवला जायचा, शिवी द्यावी तसा. त्यांच्या आजोबांना कुणी शरणार्थी म्हटलं की ते खवळायचे. “हम पुरुषार्थी हैं,” एवढंच म्हणायचे आणि दुकानाचं शटर वर करायला लागायचे. तेव्हा ज्याच्याबद्दल लिहिताय त्यालाच विचारा, स्वतःला काय म्हणतो ते. मावसभावाने दिलं की उत्तर.

शिवडीकर
विचारलं. तो म्हणतो, बोटीवर “कंपनीने सोडलं” एवढंच म्हणतात. मधे मी ‘बेवारस’ही करून पाहिलं होतं, कारण जहाजाला तो शब्द बरोबर बसतो. मावशीने वाचलं आणि कागद उलटा ठेवला. “बेवारस पोलिसांच्या वहीत असतात. माझा मुलगा बेवारस कसा? मी आहे ना घरात.” तो शब्द मी लगेच काढला.

भाऊचाधक्का
मावशी बरोबर आहेत. शिवाय ‘खलाशी’ बदला. ससून डॉकला ट्रॉलरवर जाळी ओढतो तो खलाशी. तुमच्या जहाजावर इंजिनीअर आहे, कुक आहे, थर्ड ऑफिसर आहे. ते स्वतःला खलाशी म्हणवून घेणार नाहीत. ‘बोटीवरचे कामगार’ लिहा.

शब्दवेधी
‘दर्यावर्दी’ का नको? किती देखणा शब्द आहे. खलाशीचं मूळ अरबी ‘खलास’, म्हणजे सुटका. सुटका न झालेल्याला खलाशी म्हणायचं का, याचाही विचार व्हावा.

भाऊचाधक्का
दर्यावर्दी भाषणात. बोटीवर कुणी म्हणत नाही.

शिवडीकर
उद्या छपाईला जायचंय म्हणून तूर्त असं केलंय: मथळ्यात ‘मालकाने वाऱ्यावर सोडलेले जहाज-कामगार’, आणि कायद्याच्या चौकटीत ‘परित्याग’, व्याख्येसकट. वकीलबाईंना मथळा लांब वाटतोय. ‘मालकाने’ काढा म्हणतात. मी काढणार नाही.

शब्दवेधी
एकाच पत्रकात दोन संज्ञा असू नयेत. हे मी पुन्हा सांगतो.

ट्रान्झिटवाला
उशिरा आलो. कॅम्पातला, तुमच्या मुद्द्यावर: म्हाडाच्या कागदावर आमचं ‘संक्रमण शिबिर’. इमारत पडायला आली म्हणून काढलं, ‘तात्पुरतं’ म्हणून. माझ्या बहिणीची लग्नपत्रिका त्याच पत्त्यावर छापली, आता तिच्या मुलीची दहावी झाली. आम्हाला सगळे ‘ट्रान्झिटवाले’ म्हणतात. मास्तर, यात टाकणारा कुठे शोधायचा? ना अडकलेले, ना टाकलेले. मराठीत याला शब्द आहे का?

गोरेगावचेमास्तर
‘रखडवलेले’. रखडलेले नव्हे. तो एक ‘व’ सोडू नका.

पेणकर_दादरला
कुणी ‘तडीपार’वर बोललंच नाही! पोलीस कायद्याचं कलम ५६, दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर. तड म्हणजे काठ ना? मग काम तडीस नेलं की कौतुक आणि माणूस तडीपार केला की बदनामी, हे कसं? मला वाटतं, मूळ खाडीपलीकडे सोडून येण्यात असणार.

शब्दवेधी
तड म्हणजे काठ हे बरोबर. खाडीचं तुमच्या मनाचं.