मदत हवी आहे: गालिचा धुणाऱ्यांचं 'सर्टिफाइड' कसं तपासायचं?

माहीमच्या घरात भदोहीचा, हाताने गाठी मारलेला ६ बाय ९ फुटी लोकरी गालिचा आहे. ताणा (आतले उभे धागे) सुती, मधोमध चहाचा जुना डाग. दोघांकडून दर मागवले. एकाने वूलसेफचं चिन्ह असलेल्या शॅम्पूच्या बाटलीचा फोटो पाठवला, दुसऱ्याने आयएसओ ९००१. यातलं काय धरायचं? आणि जुलैत धुवावा का?

गाठीवाला: आयएसओ ९००१ बाजूला ठेवा. ते कारभाराच्या पद्धतीचं प्रमाणपत्र, लोकरीबद्दल त्यात अवाक्षर नाही. वूलसेफ ही ब्रिटनमधली संस्था. तिच्याकडे उत्पादनाची मान्यता वेगळी आणि धुणाऱ्याची वेगळी. बाटलीचा फोटो म्हणजे फक्त बाटली पास. माणसाचं नाव संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. वूलमार्कशी गल्लत नको, ते खुद्द लोकरीच्या मालाचं चिन्ह.

मान्य शॅम्पूही चुकीच्या प्रमाणात कालवला तर लोकर बिघडते. म्हणून कालवलेल्या पाण्यात पीएच पट्टी (पाणी आम्लधर्मी की अल्कलीधर्मी ते दाखवणारा कागद; ७ म्हणजे मधलं, त्यावर अल्कली) बुडवायला सांगा. ५ ते ८ मध्ये असेल तर ठीक, ९-१० दिसलं तर थांबवा. लोकर हे प्रथिन आहे, अल्कलीने ती पिवळट, खरखरीत होते. क्लोरीनचं ब्लीच तर तिला विरघळवतंच. कपड्यांच्या पावडरीतलं प्रथिनं तोडणारं एन्झाइमही नको.

धागेदोरे: आधी रंगाची चाचणी. पांढरं सुती फडकं त्याच द्रावणात भिजवून प्रत्येक रंगावर, गडद लालवर आणि निळ्यावर तर नक्कीच, मिनिटभर दाबून धरा. फडक्यावर रंग उतरला तर पाण्याने धुणं रद्द.

चहाच्या डागाला सोडा लावू नका, तो आणखी तपकिरी होतो. एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी. फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. जुना डाग फिका होईल, पुसला जाईलच असं नाही.

माहीमकर (धागाकर्ता): आणि जुलै?

गाठीवाला: टाळा. लोकर वजनाच्या तिसरा हिस्सा पाणी पिऊनही हाताला कोरडी लागते, आत ताणा ओलाच राहून कुबट वास धरतो. ऑक्टोबर संपताना धुवा. तोवर दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम, झालरीला नळी लावायची नाही.