आयटॅस्काच्या जंगलात तंबू ठोकलात का? अनुभव लिहा

मिनेसोटात चार उन्हाळे काढले, पण आयटॅस्काला मुक्कामाला गेलो ते गेल्या जूनमध्ये. मिनियापोलिसहून गाडीने साधारण चार तास. १८९१ सालापासूनचं स्टेट पार्क, ३२ हजार एकरांवर जंगल, शंभरावर तळी आणि मिसिसिपीचा उगम. पाइन रिज कॅम्पग्राउंडवर जागा घेतली होती. तंबू घरी एकदा उभारून बघायला हवा होता, तो बघितला नाही. मग अंधारात डोक्याला बॅटरी बांधून आम्ही दोघं एकेक काठी हातात घेऊन "ही कुठली?" करत बसलो. शेजारचे आजोबा न बोलावता आले, पाच मिनिटांत तंबू उभा करून दिला आणि जाता जाता म्हणाले, दोऱ्या ताणून बांधा, रात्री पाऊस आहे. आम्ही अर्ध्याच बांधल्या. पहाटे तीनला त्याचं फळ मिळालं.

तर तुमचंही लिहा. फजिती आधी.

ईडन प्रेरीहून:
आम्ही सासूबाईंना नेलं होतं. त्या वाईच्या. आयुष्य कृष्णेच्या काठावर गेलेलं, आणि जुन्या महाबळेश्वरला पंचगंगा मंदिरात गोमुखातून पडणारं पाणी लहानपणापासून बघितलेलं. उगम म्हटल्यावर देऊळ असणार, हे त्यांनी धरूनच चाललेलं. इथं देऊळ नाही, गोमुख नाही, नारळाचं दुकानसुद्धा नाही. तळ्याच्या तोंडाशी दगडांची एक रांग, तिच्यावरून पाणी बाहेर येतं आणि पलीकडे गुडघाभर पाण्यात पोरं डुंबत असतात. काठावरच्या उंच ओंडक्यावर कोरलंय की इथून ही नदी २,५५२ मैल वाहत मेक्सिकोच्या आखाताला जाते.

सासूबाईंनी चपला काढल्या, साडी खोचली, माझा हात धरला आणि निघाल्या. शेवाळावरून दोनदा पाय सरकला. पलीकडे पोचल्यावर ओलं बोट डोळ्यांना लावलं आणि विचारलं, "हिचं नाव बाईचं का बाप्याचं?" मला एवढंच सांगता आलं की इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ मोठी नदी. "मग बाईचंच," म्हणाल्या. ते दगड १९३० च्या दशकात माणसांनी रचलेत हे मला नंतर कळलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

फार्गोहून:
सायकल नेली नाहीत तरी चालतं, पार्कात भाड्याने मिळते. डग्लस लॉजकडून झाडीतल्या डांबरी पायवाटेने उगमापर्यंत जायचं आणि वाइल्डरनेस ड्राइव्हने तळ्याला वळसा घालून परत यायचं. सगळा मिळून साधारण १६ मैलांचा फेरा. पहिला भाग लेकराबाळांनाही जमतो. दुसरा १० मैलांचा, एकेरी, गाड्याही त्यावरूनच जातात. मिनेसोटा सपाट, ही माझी समजूत तिथंच मोडली. चढ संपला की उतार, उताराच्या तळाशी पुढचा चढ! वाटेत जंगलातली आग टेहळायचा १०० फुटी लोखंडी मनोरा आहे. अर्ध्यावर पायऱ्यांच्या फटीतून खाली ठेवलेली सायकल दिसली आणि पोटात गोळा आला. तरी चढलो. वर वारा जोरात होता, खाली नुसती पाइनची टोकं.

डेमॉइनहून:
खाण्याचा डबा रात्री गाडीत ठेवा. आमचा टेबलावर राहिला. रॅकूनने झाकण चक्क हाताने उघडलं, भाकरवडी फस्त केली आणि लिंबाच्या लोणच्याची बाटली हुंगून बाजूला सारली. एवढी पुण्याची भाकरवडी अख्ख्या उन्हाळ्यासाठी जपून ठेवलेली! आणि हो, शेकोटीची लाकडं घरून नेऊ नका, तिथल्या परवानगीच्या विक्रेत्यांकडूनच घ्या. ॲशची झाडं पोखरणारी कीड लाकडातूनच गावोगाव पोचते.

मिलवॉकीहून:
मला नाही आवडलं. जूनअखेरीस संध्याकाळी सातनंतर डास असे की पोहे तोंडात घालायला तोंड उघडायची भीती. अंगावर गोचीड सापडली ती वेगळी. काख, गुडघ्यामागची घडी, केस, सगळं तपासा. पुढच्या वेळी सप्टेंबरात.

सेंट पॉलहून:
उगमापाशी मेरी गिब्ज केंद्र आहे, तिथं लोक स्वच्छतागृहापुरते थांबतात. थोडा वेळ काढून तिची गोष्ट वाचा. वडील पार्कचे आयुक्त होते. ते १९०३ साली वारले आणि २४ वर्षांच्या मेरीकडे काम आलं. लाकूडतोड्या कंपनीने ओंडके वाहून नेण्यासाठी धरण घालून पाणी तुंबवलं होतं, काठची झाडं बुडत होती. मेरी धरणाची दारं उघडायला गेली तर समोर बंदुका. पद फार दिवस टिकलं नाही, पण ज्या झाडांखाली आपण तंबू ठोकतो, त्यांतली काही तिच्या हट्टामुळे उभी आहेत. अनुभव धाग्यात इतिहास नको असेल तर सोडून द्या.

धागाकर्ता:
अजिबात सोडू नका. डासांबद्दल सहमत. आणि एक राहिलंच: पाऊस यायच्या आधी, रात्री दोनच्या सुमारास तळ्यावरून कुणीतरी वेडं हसल्यासारखा आवाज आला. बायको ताडकन उठून बसली. तो लून पक्षी, हे सकाळी त्याच आजोबांनी सांगितलं. पण जागे झालोच होतो, तर तेव्हा तरी उरलेल्या दोऱ्या बांधायच्या की नाही?