22 एप्रिलला तुम्ही कुठे होतात? काश्मीर प्रवासाचे अनुभव

पाऊलवाट :
चुलतबहिणीचा काल फोन आला. मेमध्ये काश्मीरला निघालेत, पहलगामला कुठे उतरू म्हणे. हॉटेल सांगायचं राहिलं बाजूला, मी भलतंच बोलत बसले.

2025 च्या एप्रिलमध्ये आम्ही श्रीनगरात होतो, पहलगाम पुढे होतं. 22 तारखेला दुपारी शिकाऱ्यात, म्हणजे तिकडच्या होडीत, बसलेलो, तेवढ्यात शिकारेवाल्याला फोन आला. काश्मिरीत काहीतरी बोलला आणि वल्हं मांडीवर घेऊन बसला. मग म्हणाला, "मॅडम, घर फोन कर लो." का, ते सांगेना. आमच्यात पोस्टपेड सिम एकट्या नवऱ्याचं, बाकी सगळ्यांची प्रीपेड. इकडची प्रीपेड तिकडे चालतच नाहीत. एका फोनमागे सगळा ग्रुप रांगेत. सासूबाईंनी विचारलं, "जेवलात का?" त्यांनी टीव्ही लावलाच नव्हता.

रामबनला 20 तारखेच्या पावसात दरडी कोसळून जम्मूचा हायवे आधीच बंद होता. राहिलं विमान, त्याची तिकिटं मिळेनात. दुसऱ्या दिवशी सगळं श्रीनगर कडकडीत बंद. हॉटेलवाल्याने वाढीव रात्रींचे पैसे घेतले नाहीत. आमच्या टूरवाल्याने मात्र फोन उचलणं सोडलं, नाव नको इथे.

पहलगामजवळ बैसरनच्या माळावर त्या दुपारी दहशतवाद्यांनी 26 जणांना मारलं, ते सगळ्यांनी वाचलंय. तुम्ही तिकडे अडकला असाल, घरी वाट बघत असाल, किंवा आधीचं काही आठवत असेल तर लिहा.

मंदार_डोंबिवली :
घरीच होतो. पण ते तीन दिवस डोंबिवलीत कोणी 'घरी' नव्हतं. 26 पैकी तिघे आमच्या गावचे. 23 ला संध्याकाळी भागशाळा मैदानावर आणलं, मी पण होतो गर्दीत. दुसऱ्या दिवशी बंद. आमच्या बिल्डिंगमधलं एक कुटुंब तेव्हा गुलमर्गला, फोन लागत नाही. घराला कुलूप आहे हे दिसत असून लोक येऊन बेल वाजवून जात होते. गाडी आली, नंतर लिहितो

झिपरी :
"नंतर लिहितो" म्हणणारे कधीच लिहीत नाहीत. वाट बघतेय.

सुमन_डहाणू :
मला 2017 आठवलं. 10 जुलै, अनंतनागजवळ अमरनाथ यात्रेकरूंच्या बसवर गोळीबार. गाडी गुजरातची, पण आमच्या डहाणूच्या बायका होत्या त्यात, गेल्या. रात्री आठनंतरची वेळ. यात्रेच्या गाड्यांना सातनंतर हायवेवर मनाई असते, ही बस पंक्चर झाल्याने रखडली असं तेव्हा छापून आलं होतं. ड्रायव्हरने गोळ्या लागत असताना गाडी दामटली म्हणून बाकीचे वाचले.
माझी जाऊबाई त्याच वेळी यात्रेत, दुसऱ्या बसने गेलेली. टीव्हीवर सारखं 'गुजरातची बस', म्हणून आम्ही आपले निवांत. पहाटे शेजारच्या आळीत रडारड ऐकू आली तेव्हा हातपाय गळाले. जाऊबाई बालटालला, यात्रेच्या तळावर, तिला पत्ताच नाही. घरी येऊन आम्हालाच विचारते, तोंडं का सुकलीत तुमची. तव्यावर पोळी आहे, येते.

रोखठोक :
शिकारेवाल्यांचं, हॉटेलवाल्यांचं कौतुक पुरे आता. धर्म विचारून पुरुषांना गोळ्या घातल्या, हे तिथून परतलेल्या बायकांनीच सांगितलंय. ते लिहायला जड का जातं?

पाऊलवाट :
@रोखठोक, जड जात नाही हो, तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. त्याच माळावर पहलगामचा एक घोडेवाला पर्यटकांना वाचवायला पुढे झाला आणि मेला. त्या 26 मध्ये तोही धरलाय. ते पण राहू दे इथे.

रोखठोक :
त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आजोबा_साताऱ्याचे :
आमची एलटीसी, म्हणजे ऑफिसच्या पैशांतली सहल, 1995 ची. ऑफिसातले चौघे मिळून पहलगाम ठरवलेलं. जुलैत तिथल्या वरच्या रानातून परदेशी ट्रेकर पळवून नेले. एक अमेरिकन निसटला, नॉर्वेच्या मुलाला ऑगस्टमध्ये मारून टाकलं, बाकी चौघांचा ठावठिकाणा आजतागायत नाही. आम्ही रद्द करून कन्याकुमारीला गेलो. तिथे आमच्या हिचा पाय मुरगळला आणि ती आजही म्हणते, काश्मीर परवडलं असतं. तेव्हाच्या एलटीसीची बिलं पास करून घेणं हा वेगळाच अनुभव, त्यावर धागा काढा कोणीतरी.

झिपरी :
आजोबा, आजींना नमस्कार सांगा.

निशिगंधा :
रियासी विसरले सगळे. 9 जून 2024, शिवखोरीहून कटऱ्याला येणारी यात्रेकरूंची बस, गोळीबार झाला आणि बस दरीत गेली, 9 जण गेले. आम्ही त्या संध्याकाळी कटऱ्यात. टीव्हीवर दिल्लीतला शपथविधी आणि खाली सरकत्या पट्टीत ही बातमी. आमचं शिवखोरी सकाळी होतं. टॅक्सीवाला रात्रीच येऊन आगाऊ दिलेले पैसे परत देऊन गेला, तोंडातून शब्द नाही. सासरे अडून बसले, देवाला बोललोय तर जायचं. मी आणि नणंद दोघी म्हटलं, नाही. लग्नानंतर आमचं पहिल्यांदाच एकमत झालं ते तिथे.

कुंदा_ठाणे :
आत्ता काय काय चालू आहे तिकडे? आम्ही पण बघतोय.

निशिगंधा :
हल्ल्यानंतर 87 पैकी 48 ठिकाणं बंद केली होती, मग जूनपासून थोडी थोडी उघडायला लागले. निघायच्या आधी तिथल्या हॉटेलला फोन करून विचारा. टूरवाले सगळं चालूच आहे म्हणतात.

मंदार_डोंबिवली :
@झिपरी, आलो बघा. गुलमर्गवाले सुखरूप आले, पण कोणाकडे जाईनात. त्यांच्या मुलीच्या वर्गात सगळे विचारायचे, तू बघितलंस का. तिने काहीच बघितलं नव्हतं, गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, रांगेत होती. एवढंच सांगून सांगून कंटाळली पोर. आणलेलं केशर त्यांनी बिल्डिंगमध्ये वाटून टाकलं, आमच्याकडे अजून पडून आहे.

कुंदा_ठाणे :
अस्सल आहे का पण? माझ्या भावजयीला फसवलं होतं.

सुमन_डहाणू :
कोमट पाण्यात दोन काड्या टाका. लगेच लालभडक झालं की नकली. खऱ्याला वेळ लागतो आणि पिवळा रंग येतो, काडी लालच राहते.

मंदार_डोंबिवली :
बायकोला सांगतो, रविवारी श्रीखंड करायचंच आहे.