बदली नव्हे, बोलावणं

"चर्चच्या पाळकांची (पास्टरांची) बदली एसटीच्या ड्रायव्हरसारखी वरून का होत नाही?" हा प्रश्न आवडला. अहो, प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट परंपरेत बिशप, म्हणजे पाळकांवरचा वरिष्ठ, नसतोच, मग हुकूम काढणार कोण? मंडळी, म्हणजे त्या त्या चर्चचे सभासद, पाळक निवडते आणि बोलावते. प्रेस्बिटरी, म्हणजे आसपासच्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील (मंडळीने निवडलेले एल्डर) यांची सभा, ते बोलावणं मंजूर करते. जागा रिकामी असली की तीच शेजारच्या एखाद्याला कारभार बघायला सांगते. (आपल्याकडच्या ज्या मंडळ्या १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या एकत्र झालेल्या चर्चमध्ये गेल्या, त्यांना बिशप आले, ते वेगळं.)

खरा घोळ पाळकाच्या पगाराचा. शहरातल्या मंडळीला परवडतो, खेड्यातल्या वीस घरांना नाही. स्कॉटलंडच्या फ्री चर्चने (सरकारमान्य चर्चमधून फुटून निघालेलं प्रेस्बिटेरियन चर्च) १८४३ साली आपले पुढारी थॉमस चामर्स यांच्या कल्पनेतून सामाईक निधी काढला: ऐपतीप्रमाणे टाका, वाटणी सगळ्या पाळकांना सारखी.

आमच्या मिरजेकडच्या गावात पाळकसाहेब महिन्यातून एकदा मोटारसायकलवर यायचे, प्रभुभोजनाचा पेला टॉवेलात गुंडाळून शबनममध्ये. एरवी उपदेश वडील करायचे (मंडळीचे, माझे नव्हेत), द्राक्षांची फवारणी उरकून, हाताला औषधाचा वास तसाच. खरं सांगू? तेच जास्त चांगले बोलायचे.