शब्दचर्चा : वासरू ‘सोडणे’, ‘लावणे’ आणि गाईने ते ‘घेणे’

डिचोलीहून प्रश्न :
दूध संस्थेच्या सभासदांसाठी मराठीत माहितीपत्रक करायचं आहे. विषय असा : जिचं वासरू दगावलं त्या गाईला आई गेलेलं वासरू लावणे. मसुद्यात ‘दत्तक वासरू’ आणि ‘दत्तकविधान’ आलं आहे. गोठ्यात असं कुणी बोलत नाही. नुसतं ‘वासरू लावणे’ लिहावं, तर रोज धारेआधी लावतात तेही तेच. नेमका शब्द कोणता?

सत्तरीहून :
तीन क्रियापदं वेगळी ठेवा. ‘सोडणे’ म्हणजे दाव्यातून मोकळं करणं. ‘लावणे’ म्हणजे वासराचं तोंड सडाला, म्हणजे आचळाला, देणं. ही दोन्ही माणसाची कामं. तिसरं काम गाईचं, आणि त्याला शब्द आहे ‘घेणे’. ‘गाय वासरू घेत नाही’ म्हटलं की पुढे समजावावं लागत नाही. म्हणून मथळा ‘गाईने परकं वासरू घ्यावं म्हणून’ असा करा. ‘दत्तक’ काढून टाका. दत्तक घेताना घेणाऱ्याची मर्जी आधी असते. इथे गाईची मर्जी मिळवायची असते.

आणखी एक. आपल्याकडे गोव्यात नराला पाडो आणि मादीला पाडी म्हणतात, घाटावर गोऱ्हा आणि कालवड. पत्रकात ‘वासरू’च ठेवा, ते सगळीकडे चालतं.

फोंड्याहून :
‘वासरू’ हे ‘वत्सरूप’पासून आलं. ‘वत्स’चं नातं ‘वत्सर’ म्हणजे वर्ष याच्याशी लावतात, म्हणजे मूळ अर्थ वर्षाचं जनावर. ‘वात्सल्य’ त्याच वत्सावरून. माणसाच्या मायेला शब्द मिळाला तो गाई-वासरावरून. ‘पान्हा’ हा संस्कृत ‘प्रस्नव’, प्राकृतात ‘पण्हव’, अर्थ पाझरणं.

तुम्हाला हवा आहे जवळजवळ तोच शब्द संस्कृतात आहे : ‘निवान्या’ किंवा ‘निवान्यवत्सा’, म्हणजे दुसरीचं वासरू पाजणारी गाय. शतपथ ब्राह्मणात पितरांच्या हवीसाठी अशाच गाईचं दूध सांगितलं आहे. ऐतरेय ब्राह्मणात तिला ‘अभिवान्यवत्सा’ म्हटलं आहे. मराठीत हा शब्द उतरला नाही याची मला फार हळहळ वाटते. पत्रकात तो घालू नका, पण अशा गाईला वेगळं नाव देण्याइतकी ही गोष्ट जुनी आहे.

डिचोलीहून :
‘घेणे’ पटलं. मग ‘गाईने पान्हा सोडला की वासरू घेतलं असं समजावं’ असं वाक्य चालेल?

पेडण्याहून :
हे वाक्य कृपा करून छापू नका. यानंच वासरं मरतात. पान्हा सोडणं आणि वासरू घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आंबोण, म्हणजे भिजवलेला खुराक, पुढे आलं, ओळखीचा हात कासेला लागला, तरी पान्हा सुटतो. उलट घाबरलेली किंवा दुखावलेली गाय पान्हा चोरते, तेव्हा दूध कासेत असतं पण उतरत नाही. पान्हा सुटलेला पाहून माणूस निर्धास्त होतो, वासराला रात्री मोकळं तिच्याजवळ ठेवतो, आणि सकाळी ते शिंगाखाली सापडतं.

घेतल्याची खूण वेगळी. वासरू पीत असताना गाय मान वळवून त्याच्या शेपटीखाली हुंगते, चाटते, तोंड मिटून हलका हुंकार देते, आणि ते दूर नेलं की शोधते, हंबरते. या खुणा लागोपाठ दोन-तीन पाजण्यांत दिसल्या की मगच मोकळं सोडायचं.

सगळा खेळ वासाचा आहे. व्याल्यानंतरचे पहिले काही तास गाय जे चाटेल ते आपलं मानायला सर्वांत तयार असते. वासरू मेलेलंच जन्मलं आणि परकं हाताशी असेल, तर पाणमोटेचं (गर्भाभोवतीच्या पिशवीचं) पाणी आणि जारावरचा (वारेवरचा) ओला भाग परक्या वासराच्या पाठीला, मांड्यांना, शेपटीखाली चोळा. परकं वासरू चार-पाच दिवसांचं असेल तर ते टुणकन उठतं आणि गाईला संशय येतो. म्हणून त्याचे पाय मऊ दोरीने सैल बांधून दहा-पंधरा मिनिटं तिच्यासमोर आडवं ठेवायचं. ती चाटू लागली की दोरी काढा.

वेळ निघून गेली असेल तर मेलेल्या वासराचं कातडं. खांद्यापासून शेपटीपर्यंतची पट्टी परक्याच्या पाठीवर बांधायची. शेपटीकडचा भाग हवाच, कारण गाय तिथेच हुंगते. आपल्या दमट हवेत कातडं लवकर कुजतं, पावसाळ्यात माश्या बसून किडे होतात. त्यामुळे तीन दिवसांच्या वर ठेवू नका. तोवर तिचंच दूध वासराच्या पोटातून जाऊन शेणाला तिचा वास येऊ लागतो, आणि तोच पुढे उपयोगी पडतो. वासरू हगवणीने किंवा कुठल्याही रोगाने मेलं असेल तर कातडं वापरायचं नाही. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून काळं रक्त आलेलं दिसलं तर त्याला सुरी लावू नका, डॉक्टरांना बोलवा. तो फाशी रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो, आणि तो माणसालाही होतो.

सत्तरीहून :
पाठीवर गूळ चोळतात त्याबद्दलही लिहा. गाय चाटते हे खरं, पण गुळाला मुंग्या लागतात आणि तांबड्या मुंग्या वासराला हैराण करतात. त्यापेक्षा मूठभर मीठ अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून पाठीवर हलकं शिंपडावं, वर थोडा भुसा. नाळेच्या जागी मीठ लागू देऊ नये.

पेडण्याहून :
बरोबर. आणि वासरू उपाशी असावं, चार-पाच तास तरी. पोट भरलेलं वासरू नुसतं खेळतं. अगदी नव्या वासराला मात्र हा नियम नाही. त्याला पहिल्या एक-दोन तासांतच चीक, म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं दूध, मिळाला पाहिजे, आणि पहिल्या दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका : १५ किलोच्या वासराला दीड लिटर, दोन-तीन वेळांत विभागून. आतडं चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं घेतं ते साधारण २४ तास, आणि दर तासाला ती क्षमता घटत जाते. गाय घेईल तेव्हा घेईल. तोवर न थांबता चीक पिळून बाटलीने पाजावा.

गाय खुंट्याला आखूड बांधा, पुढे आंबोण ठेवा, वासरू कुशीला लावा. वासराचं तोंड कासेकडे आणि ढुंगण गाईच्या तोंडाकडे. मागच्या पायांमधून पाजू नका, तिला ते दिसत नाही आणि ती लाथ मारते. दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी माणूस हजर. बहुतेक गाई चार-पाच दिवसांत वळतात, काहींना दोन आठवडे लागतात. कास गरम, दगडासारखी झाली असेल तर लाथेचं कारण दुखणं असतं, वासरू नव्हे. आधी कासेचा उपचार.

फोंड्याहून :
‘फुका’ हाही याच कुटुंबातला शब्द, पण काळा. पान्हा सोडवायला योनिमार्गात हवा फुंकण्याची क्रूर रीत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये ‘फुका’ आणि तशीच दुसरी रीत ‘डूम देव’ नावानिशी आहेत, आणि दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला अपाय करणारी इंजेक्शनंही त्यातच येतात. पत्रकात हा शब्द आला तर मनाईसह यावा.

डिचोलीहून :
मथळा ‘गाईने परकं वासरू घ्यावं म्हणून’. पहिल्या पानावर सोडणे, लावणे, घेणे यांचा फरक, आणि पान्ह्याचं ते वाक्य उलट करून : ‘पान्हा सोडला म्हणजे वासरू घेतलं असं नाही.’ म्हशीला हेच लागू पडेल का?

पेडण्याहून :
शब्द आणि रीत तीच, फक्त वासराच्या जागी रेडकू लिहा. एक वाक्य वाढवा : म्हैस पान्हा उशिरा सोडते, तेव्हा रेडकू लावल्यावर पहिल्या मिनिटाला दूध आलं नाही म्हणून ओढून काढू नये.